फाइव्ह-ओ मस्टँग: इनटेक आणि इंजेक्शनला हात लावताना काय करावं, काय टाळावं

१९८६ ते १९९३ या काळातली ५.० लिटर व्ही-८ मस्टँग डिअरबॉर्नच्या कारखान्यात तयार झाली. घरच्या गॅरेजमध्ये खोलायला हिच्याइतकी सोयीची इंजेक्शनची गाडी मला दुसरी माहीत नाही. सुटे भाग मिळतात, बॉनेटखाली हात जातो, आणि कॉम्प्युटर इतका साधा आहे की तो काय विचार करतो हे आपल्यालाही समजतं. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे मराठी इंजिनिअर पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणी ही गाडी घेतली की पहिल्या हिवाळ्यातच विषय इनटेकवर येतो.

खालच्या सगळ्या सूचना एकाच गोष्टीतून निघाल्या आहेत. या गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन दिसत नाही, सेन्सर सांगतील तेवढंच त्याला कळतं. हवेचा रस्ता बदलून त्याला जुनीच बातमी देत राहिलात, तर पेट्रोलही चुकणार आणि स्पार्कही.

खोलायच्या आधी

करा: गाडी ‘स्पीड डेन्सिटी’ आहे की ‘मास एअर’ ते ओळखा. १९८६ ते १९८८ च्या गाड्या स्पीड डेन्सिटीच्या. १९८८ मध्ये फक्त कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांना मास एअर आलं आणि १९८९ पासून सगळ्यांना. स्पीड डेन्सिटीत हवा मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम पाहून, कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून हवेचा अंदाज बांधला जातो. मास एअरमध्ये एअर फिल्टरच्या डब्यानंतर मीटर असतो आणि आत जाणारी हवा तो खरोखर मोजतो. कागदावरच्या वर्षावर विसंबू नका. तीस-पस्तीस वर्षांत गाडीचं काय काय बदललं असेल सांगता येत नाही. बॉनेट उघडून मीटर आहे का ते बघा आणि कॉम्प्युटरवरचा कोड वाचा. मॅन्युअल गिअरच्या मास एअर गाडीत बहुतेक वेळा ‘ए९एल’ सापडतो.

टाळा: स्पीड डेन्सिटीच्या गाडीत मोठा कॅम घालणं. आयडलला व्हॅक्युम पडतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिनावर लोड आला, आणि तो पेट्रोल ओतत सुटतो. गाडी सिग्नलला हेलकावे खाते, प्लग काळे पडतात. आधी मास एअरचं रूपांतर, मग कॅम. मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडीपुरतं स्पीड डेन्सिटी बऱ्यापैकी सांभाळून घेतं, पण पुढे जायचं ठरलेलं असेल तर रूपांतर पहिल्याच खेपेला उरकून घ्या.

टाळा: मास एअरच्या गाडीत फायरवॉलवरच्या चौकोनी सेन्सरला व्हॅक्युमची नळी जोडणं. स्पीड डेन्सिटीच्या गाडीत तिथे नळी असते, तिने मॅनिफोल्डचा दाब मोजला जातो. मास एअरच्या गाडीत दिसायला तसाच सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब मोजतो आणि त्याचं तोंड उघडंच असायला हवं. मोकळं तोंड पाहून ‘नळी निसटली वाटतं’ म्हणत ती जोडून टाकणारे भेटतात. त्यानंतर कॉम्प्युटर गाडी उंच डोंगरावर आहे असं समजून चालतो.

करा: १९८६ ची गाडी असेल तर हेड आणि कॅमच्या बाबतीत वेगळा विचार करा. त्या वर्षीच्या पिस्टनना व्हॉल्व्हसाठी खाचा नाहीत. मोठ्या व्हॉल्व्हचं हेड बसवलंत तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो.

करा: आजची अवस्था वहीत उतरवा. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, आयडलचा व्हॅक्युम, फ्युएल प्रेशर, साठवलेले कोड. धडधाकट स्टॉक इंजिन आयडलला १७ ते २० इंच व्हॅक्युम धरतं आणि कोड वाचला की ११ मिळतो, म्हणजे ‘सगळं ठीक’. व्हॅक्युम १४ असेल, तर नवा मॅनिफोल्ड घेण्याआधी हवा कुठून घुसते ते शोधा. आजारी इंजिनावर भारी इनटेक चढवून आजार बरा होत नाही, तो फक्त ओळखायला अवघड होतो.

मॅनिफोल्ड निवडताना

करा: गाडी कोणत्या आरपीएमला चालवता ते आधी ठरवा. स्टॉक इनटेक लांब नळ्यांचा आहे. व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा नळीत दाबाची लाट उठते, ती प्लेनमपर्यंत, म्हणजे नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या डब्यापर्यंत, जाऊन परत येते. ती परत येण्याच्या वेळी व्हॉल्व्ह पुन्हा उघडा असेल, तर थोडी जास्त हवा आत ढकलली जाते. नळी लांब, तर हा मेळ कमी आरपीएमला बसतो. नळी आखूड, तर वर. फोर्डने हे इंजिन १९८७ ते १९९२ या वर्षांत साधारण ३,२०० आरपीएमला ३०० फूट-पाउंड टॉर्क आणि ४,२०० ला २२५ हॉर्सपॉवर असं बांधलं. ५,००० च्या पुढे त्याचा श्वास कोंडतो, हे खरं. पण सिग्नल सुटल्यावर पाठ सीटला टेकवणारा जो पिकअप आहे, तोही याच लांब नळ्यांमुळे.

टाळा: २.७३ रेशोचा मागचा अ‍ॅक्सल ठेवून आखूड नळ्यांचा डबा-इनटेक घेणं. त्या अ‍ॅक्सलवर पाचव्या गिअरमध्ये ताशी ६५ मैलांना इंजिन जेमतेम १,६०० ते १,७०० आरपीएमला फिरतं. ६,००० ला फुलणारा इनटेक तिथे काही देत नाही, उलट खालचा दम घेऊन जातो. रस्त्यावरच्या गाडीला ३.५५ च्या आसपासचा अ‍ॅक्सल लावल्यावर जो फरक कळतो, तो कुठल्याही मॅनिफोल्डने कळत नाही. पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर माझं मत अ‍ॅक्सलला.

करा: जीटी-४० जातीचा इनटेक आधी तपासा. १९९३ च्या कोब्रा मस्टँगला तो होता. त्याच धर्तीचा इनटेक १९९६ ते २००१ च्या ५.० लिटर एक्सप्लोररवर आला आणि भंगारच्या यार्डात तो अजूनही सापडतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी याहून शहाणा सौदा नाही. नळ्या अजूनही लांबच आहेत, पण मोकळ्या, त्यामुळे खालचं फारसं न जाता वरचं मिळतं. एक्सप्लोररचा घेतलात तर थ्रॉटलच्या केबलचं ब्रॅकेट, फ्युएल लाइनी आणि ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा वायू इनटेकमध्ये परत नेणाऱ्या यंत्रणेची) जुळणी करावी लागेल. तो वेळ आधीच हिशेबात धरा.

टाळा: एकट्या मॅनिफोल्डकडून चमत्काराची अपेक्षा. १९८७ पासूनच्या ‘ई७टीई’ हेडचे पोर्ट लहान आहेत. वरचा दरवाजा कितीही रुंद केला तरी खालची वाट तेवढीच. हेड, कॅम, इनटेक आणि एक्झॉस्ट ही चौकडी एकमेकांना साजेशी असावी.

करा: मॅनिफोल्डच्या पोर्टवर आणि हेडच्या पोर्टवर तेच गॅस्केट धरून बघा. मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा किंचित लहान असेल तर चालतं. मोठं असेल तर हवेच्या वाटेत कडा उभी राहते. कडा गेली की थांबा, पोर्ट घासून आणखी मोठे करत बसू नका.

करा: उंची मोजा. वरच्या मॅनिफोल्डवर मातीचे चार गोळे ठेवा, त्यावर प्लास्टिकचा कागद टाका, बॉनेट हलकेच टेकवून उघडा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. इंजिन लोड घेताना माउंटवर हलतं, त्यामुळे अर्धा इंच तरी मोकळा हवा. टॉवर ब्रेस असेल तर तिथेही हेच.

टाळा: ७५ मिलिमीटरचा थ्रॉटल, केवळ आकड्यासाठी. ६५ ते ७० रस्त्यावर पुरतो. मात्र मागचा ईजीआर स्पेसर त्याच मापाचा घ्या, नाहीतर मोठ्या थ्रॉटलमागे लहान भोक येतं.

खोलताना आणि बसवताना

करा: इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह सुटी, गॅरेजचं दार उघडं, अग्निशामक हाताशी. वॉटर हीटर किंवा भट्टीची ज्योत त्याच गॅरेजमध्ये असेल तर ती आधी बंद. फ्युएल रेलवरच्या व्हॉल्व्हपाशी फडकं धरून प्रेशर सोडा. लाइनींना फोर्डचे स्प्रिंग-लॉक जोड आहेत. त्यांचं प्लास्टिकचं टूल स्वस्त मिळतं. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

करा: कूलंट पूर्ण काढा. थर्मोस्टॅटची जागा खालच्या मॅनिफोल्डमध्येच आहे. एवढं करूनही थोडं पाणी इंजिनाच्या मधल्या खोबणीत सांडतं, म्हणून काम संपल्यावर गाडी सुरू करण्याआधी ऑइल बदला. ही पायरी कुणीही गाळू नये.

करा: डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटरची आणि बॉडीची जागा पक्क्या खुणेने दाखवून ठेवा, फोटो काढा. इंजिन त्यानंतर फिरवू नका. या हाय-आउटपुट इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-७-२-६-५-४-८ आहे, जुन्या ३०२ ची १-५-४-२-६-३-७-८. जुन्या पुस्तकातून वायरी लावल्या तर गाडी शिंकत बसते.

टाळा: डिस्ट्रिब्युटर दाता चुकवून बसला तर प्लगच्या वायरी सरकवून निभावणं. कार्ब्युरेटरच्या काळात हे खपून जायचं. इथे डिस्ट्रिब्युटरमधली एक अरुंद पाकळी कॉम्प्युटरला पहिला सिलिंडर कुठला ते सांगते आणि त्यावरून इंजेक्टर क्रमाने उघडतात. वायरी सरकवल्या की स्पार्क बरोबर होतो, पण पेट्रोल चुकीच्या वेळी पडतं. काढा आणि नीट बसवा.

टाळा: गॅस्केटचे अवशेष ड्रिलवरच्या खरखरीत चकतीने उडवणं. ती बारीक पूड ऑइलमध्ये मिसळून बेअरिंग खाते. प्लास्टिकची किंवा धारदार सपाट पट्टी, सॉल्व्हंट आणि धीर. पोर्टमध्ये फडकी कोंबा आणि शेवटी ती मोजून बाहेर काढा.

करा: कॉर्कचे किंवा रबराचे टोकाचे सील टाकून द्या. घट्ट करताना ते बाहेर सरकतात आणि महिन्याभरात मागून ऑइल गळू लागतं. त्याऐवजी ब्लॉकच्या पुढच्या आणि मागच्या कडेवर आरटीव्ही सिलिकॉनची सलग दोरी, करंगळीपेक्षा थोडी बारीक. चारही कोपऱ्यांत, जिथे हेड, ब्लॉक आणि गॅस्केट भेटतात, तिथे थोडा जास्त ठिपका. जागा आधी सॉल्व्हंटने पुसून कोरडी करा, तेलावर सिलिकॉन धरत नाही. पृष्ठभागावर साय आली की मॅनिफोल्ड सरळ वरून उतरवा. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. वजन हातात असतं, भोकं दिसत नाहीत, मॅनिफोल्ड इंचभर मागे टेकतो, पुढे ओढला जातो आणि सिलिकॉनची दोरी फाटते. यावर उपाय सोपा आहे. ५/१६ इंचाच्या, १८ आट्यांच्या दोन लांब बोल्टची डोकी कापा आणि ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत हाताने फिरवून उभे करा. मॅनिफोल्ड त्यांच्यावरून घसरत थेट जागेवर बसतो.

करा: बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आवळा. खालच्या मॅनिफोल्डला शेवटी २३ ते २५ फूट-पाउंड. नव्या मॅनिफोल्डच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. इंजिन एकदा तापून थंड झालं की टॉर्क पुन्हा तपासा.

करा: मागच्या बाजूच्या पीसीव्ही व्हॉल्व्हखालची जाळी बदला. जाळी नसेल तर इनटेकमध्ये तेल ओढलं जातं आणि नॉकिंगला आमंत्रण मिळतं. वरचा मॅनिफोल्ड चढल्यावर तिथे हात पोचवताना नाकी नऊ येतात, म्हणून आत्ताच.

टाळा: गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून हवेची गळती शोधणं. आग लागते. धुराचं मशीन वापरा किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी न्या.

इंजेक्टर आणि पेट्रोल

करा: हिशेब मांडा. स्टॉक इंजेक्टर ताशी १९ पाउंडांचे, आठ. एकूण १५२ पाउंड. इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही आणि एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल लागतं, असं धरलं तर २५८ हॉर्सपॉवरच्या आसपास त्यांची हद्द येते. २४ पाउंडांचे घेतले तर ३२६, ३० चे घेतले तर ४०८. इनटेक, थ्रॉटल आणि एक्झॉस्ट एवढंच केलं असेल तर १९ पुरतात. हेड आणि कॅम केलात तर २४ किंवा ३०. ४२ चे कशाला?

टाळा: कमी रोधाचे इंजेक्टर. या कॉम्प्युटरला जास्त रोधाचे, १२ ते १६ ओहमचे लागतात. विकत घेण्याआधी मीटर लावा. कमी रोधाचे लावलेत तर कॉम्प्युटरमधले ड्रायव्हर जळतात आणि शाबूत ए९एल आता स्वस्त राहिलेला नाही.

टाळा: प्रेशर वाढवून लहान इंजेक्टर मोठा करणं. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. ३९ वरून ५० पीएसआयला गेलात तरी १९ चे जेमतेम २१.५ होतात. थोड्याशा मिळकतीसाठी पंपावर आणि जुन्या नळ्यांवर ताण येतो.

करा: रेग्युलेटरची व्हॅक्युमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून, इंजिन सुरू असताना प्रेशर मोजा. काटा ३९ वर हवा. नळी लावली की तो तिशीकडे उतरतो, ते योग्यच. काढलेल्या नळीतून पेट्रोलचा वास आला तर आतला पडदा फाटला आहे, रेग्युलेटर बदला. मग गाडी चालवून, पूर्ण थ्रॉटलला काटा पडत नाही ना ते बघा. पडला तर पंप, फिल्टर आणि पंपापर्यंत पोचणारे व्होल्ट, या तिन्हींवर संशय घ्या. मूळ पंप ताशी ८८ लिटरचा आहे. हेड-कॅमची गाडी असेल तर तो बदलायचाच, आणि नामांकित कंपनीचा, ओळखीच्या दुकानातून. नकली पंपांचा बाजारात सुळसुळाट आहे.

टाळा: ‘२४ पाउंडसाठी कॅलिब्रेट केलेला’ एअर मीटर. याची जाहिरात फार मोहक असते: मीटर बदला, इंजेक्टर बदला, ट्यूनिंगची गरज नाही. प्रत्यक्षात तो मीटर हवेचा आकडा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी सांगतो. कॉम्प्युटरला इंजेक्टर अजून १९ चेच वाटत असतात, म्हणून तो ते कमी वेळ उघडतो, आणि मोठ्या भोकामुळे पेट्रोल जवळपास बरोबर पडतं. इथवर ठीक. पण इंजिनावर लोड किती, हेही कॉम्प्युटर त्याच हवेच्या आकड्यावरून काढतो. हवा कमी म्हणजे लोड कमी, लोड कमी म्हणजे टायमिंग पुढे. पूर्ण थ्रॉटलला, उन्हाळ्यात, चढावर, नेमकं तेव्हाच ते महागात पडतं. या मस्टँगला नॉक सेन्सर नाही. टायमिंग मागे घ्यायला कुणीच नाही.

करा: मीटरचा खरा तक्ता आणि इंजेक्टरचा खरा आकडा कॉम्प्युटरमध्ये भरा. मूळ कॉम्प्युटरच्या (ईईसी-४) सर्व्हिस पोर्टवर चिप बसते, किंवा गाडीच्या मूळ वायरिंगला जोडला जाणारा स्वतंत्र कॉम्प्युटर घेता येतो. इंजेक्टरच्या खर्चात ट्यूनिंगचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. मीटर थ्रॉटलच्या वळणाला चिकटून नको आणि फिल्टरला चोपडलेलं तेल त्याच्या तारेवर यायला नको.

करा: इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी योग्य नळी घ्या, एसएई ३०आर९ छापलेली. टाकीच्या आत बुडणारी नळी वेगळी, ३०आर१०. इंजेक्टरच्या नव्या ओ-रिंगना इंजिन ऑइलचा थेंब लावा. चावी ऑन करून इंजिन न फिरवता प्रेशर चढू द्या, टॉर्च घेऊन आठही ठिकाणी बघा, बोट फिरवा, वास घ्या. तोवर स्टार्टर मारायचा नाही.

सुरू झाल्यावर

करा: डिस्ट्रिब्युटरजवळचा स्पाउटचा लहान प्लग काढून बेस टायमिंग १० अंशांवर लावा, मग प्लग परत लावा. प्लग लावायचा राहिला तर टायमिंग १० वरच अडकतं आणि नवा इनटेक निकामी वाटू लागतो.

करा: वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवा. पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १३ च्या आसपास मिश्रण सुरक्षित. मूळ ऑक्सिजन सेन्सर फक्त १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतात, त्यांच्यावर ट्यूनिंग होत नाही.

टाळा: थ्रॉटल पोझिशन सेन्सर ०.९९ व्होल्टवर आणण्यासाठी त्याची भोकं कोरणं. बंद थ्रॉटलला दिसलेला सर्वांत कमी आकडाच कॉम्प्युटर शून्य मानतो. ०.८ असो की ०.९५, त्याला फरक पडत नाही.

कायद्याचं

करा: भाग घेण्याआधी राज्याचा नियम बघा. अमेरिकेत प्रदूषण रोखणारी साधनं काढणं केंद्रीय कायद्यानेच बंद आहे. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या गाड्यांना स्मॉगची तपासणी लागते, त्यामुळे मॅनिफोल्डवर तिथल्या वायुप्रदूषण मंडळाचा मान्यतेचा क्रमांक हवा. मिशिगनमध्ये तपासणी नाही, पण गाडी उद्या कुठल्या राज्यात जाईल सांगता येत नाही. ईजीआर ठेवूनही चांगली ताकद मिळते.

पुण्या-मुंबईत जुन्या एमपीएफआय गाड्यांवर हेच काम करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्यावं. नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल त्यात मना आहेत आणि पीयूसी तर काढावी लागतेच. इंजिन बदलण्याआधी आरटीओत विचारून लेखी उत्तर घ्या.

टाळा: मूळ भाग विकणं. जुना वरचा-खालचा मॅनिफोल्ड, १९ चे इंजेक्टर, मूळ मीटर आणि कॉम्प्युटर पुसून, पोर्टना टेप लावून एका खोक्यात ठेवा. बोल्ट पिशव्यांत, पिशवीवर नाव आणि लांबी. वरच्या मॅनिफोल्डचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून कुठला कुठे होता त्याचं चित्र खोक्याच्या झाकणावरच काढा.